एक ना धड

गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तिच्या बोटांना आधी कळलं, डोळ्यांना मागाहून. कापड सुती, किंचित खरबरीत. असं पुष्कळ असतं. पण बोटं काठावरून सरकत गेली आणि काजापाशी अडली. काज, त्याच्या पोटात दुमड, दुमडीच्या आत लपवलेलं बटण. तिनं दुसरा काठ चाचपला. तिथंही काज, दुमड, बटण. पुरुषांसारखी डावी बाजू उजवीवर घ्या नाहीतर बायकांसारखी उजवी डावीवर, शर्टाची काही हरकत नाही, अशी ती पट्टी. ती बसवताना तिनं आठवडेच्या आठवडे डोकं फोडून घेतलं होतं. तिनं ओढलं. शर्ट बाहेर आला तो खांद्यापासून पलीकडच्या घेरापर्यंत तिरका चिरलेला. फाटलेला नव्हे. फाटलेल्याला दशा असतात, काहीतरी झटापट झाल्याची खूण असते. हा थंड हातानं, सरळ कापलेला होता. कॉलरच्या आत कंपनीचं लेबल शाबूत, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत तिनंच शर्टाला दिलेलं नाव: कुणाचाही.

त्याच्याखाली आणखी एक. त्याच्याखाली आणखी. ती ओढत राहिली आणि ते येत राहिले, सगळे एकाच तिरक्या रेषेत चिरलेले, जणू एका मोठ्या कात्रीनं एका दमात. शहराच्या टोकाला, दुकानांतला पडून राहिलेला माल आणून निवडायची ती शेड होती. इथून काही कापड गाद्यांत भरायला जाई, काही यंत्रं पुसायला, आणि उरलेलं कुठं जाई ते कुणी विचारत नसे. कॉलेजात फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती ती. शेवटच्या कामासाठी टाकाऊ कापड हवं म्हणून आली होती. कॉलेजात ज्याला ‘शाश्वत’ म्हणतात ते तिला करून दाखवायचं होतं. या शब्दाचं तिला मनातल्या मनात हसू येई. कपड्यांच्या दुनियेत शाश्वत काय, तर पॉलिएस्टर. ते काही मरत नाही.

“न खपलेला माल आहे तो,” शेडची मुकादमीण म्हणाली. बाई अंगानं आडवी, तोंडाला फडकं, डोळे हसरे. “कंपनी कापूनच पाठवते.”

“कापून का?”

“अगं, धड पाठवला तर कुणीतरी घालेल ना!” ती फडक्याच्या आत खदखदून हसली. “एक ना धड, भाराभर चिंध्या. ती म्हण आमच्यासाठीच काढली असणार कुणीतरी. का गं, ओळखीचा वाटतो?”

“नाही,” ती म्हणाली. मग म्हणाली, “हे सगळे मी नेऊ?”

बसमध्ये गठ्ठा मांडीवर होता आणि त्याला ऊब होती. ती त्या उबेला भ्याली. मेलेल्या वस्तूला ऊब असू नये. असं कसं होईल, ती स्वतःला विचारत होती, सगळेच कसे परत येतील? दहा लोकांना नसेल आवडला, शंभरांना नसेल. पण जगात कुणाला म्हणजे कुणालाच? खिडकीबाहेर फुटपाथवरून माणसं चालली होती, शर्ट घातलेली, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण त्यांच्या बटणपट्ट्या पाहतोय. ही सवय तिची नव्हती. ती मोठ्याची.

मोठं म्हणजे तिचं थोरलं भावंड. घरात ही धाकटी आणि ते मोठं. लहानपणी ती त्याला ताई म्हणायची. मोठं कॉलेजात जायला लागलं तसं एके दिवशी जेवताना ताट सरकवून म्हणालं, “मला ताई नका म्हणू. दादाही नको. मला दोन्ही होत नाही.” बाबा ताटावरून उठले. आई मात्र बसून राहिली, भाताची शितं वेचत. पुढं कितीतरी दिवस घरात मोठ्याला कुणी हाक म्हणून मारली नाही. आणि मग एका सकाळी आईनं गॅसपाशी उभी राहून सहज विचारलं, “मोठं उठलं का गं?” लेकरू उठलं, वासरू उठलं, तसं मोठं उठलं. आई काही शिकलीसवरलेली नव्हती, पण जे कुणाला सुचलं नाही ते तिला सुचलं. धाकटीला त्या सकाळी रडू आलं होतं, आनंदाचं. पुढं पुढं मात्र तिला शंका येऊ लागली. ‘ते’ लेकराला म्हणतात हे खरं, पण टेबललाही म्हणतात, भांड्यालाही. आईनं पोटाशी धरलं होतं की हातभर लांब ठेवलं होतं? आईच्या तोंडाकडे बघून ते कधी कळलं नाही. बहुधा आईलाही माहीत नव्हतं.

मोठं स्वतः तर बोलण्यातून अंग चोरून घेई. ‘मी जेवले’ आणि ‘मी जेवलो’ ही दोन दारं सगळ्यांसाठी सताड उघडी. मोठं ‘माझं झालं’ म्हणून खिडकीतून सटके. ‘मला निघायचंय’. ‘माझं येणं व्हायचं नाही आज’. अनोळखी माणसाला वाटे, काय हे साहेबी बोलणं! घरातल्यांना त्यातली मेहनत ठाऊक होती. सकाळी डोळे उघडल्यापासून एकही वाक्य सरळ बोलायचं नाही. प्रत्येक क्रियापदाला वळसा. धाकटीनंही हळूहळू तसं बोलायला शिकून घेतलं. ‘कधी आलीस’ ऐवजी ‘कधी येणं झालं’, ‘दमलीस का’ ऐवजी ‘दमायला झालं का’. दोघी, नाही, दोघं, नाही, ती आणि मोठं अशी एकमेकांशी बोलत, पाण्याचा काठोकाठ भरलेला हंडा दोघांनी दोन्हीकडून धरून चालावं तशी.

बाबा गेले तेव्हा मोठं कपाटासमोर उभं राहिलं होतं. बाहेर माणसं जमली होती, न्यायची वेळ झाली होती, आणि आतून मोठं येईना. धाकटी पाहायला गेली. कपाटाचं दार उघडं, आतल्या एका बाजूला आईनं हौसेनं घेतलेले बायकी कपडे, दुसऱ्या बाजूला बाबांचे जुने शर्ट, आणि मोठं मध्ये, नुसत्या आतल्या कपड्यांत, हात लोंबते. “यातलं काय घालू?” ते म्हणालं. “त्यांच्यासमोर काय घालून जाऊ?” शेवटी ते गेलं कामावरचा पांढरा कोट चढवून. दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत होतं मोठं, तिथं सगळ्यांना एकसारखा कोट. नातेवाइकांना वाटलं, कामावरून तसंच धावत आलंय. एक काकू म्हणाल्याही, “बिचारी, कपडे बदलायलाही वेळ नाही मिळाला.” मोठ्यानं मान हलवली. त्या दिवशी धाकटीनं ठरवलं होतं, की एक तरी कपडा असा करीन, की ज्याच्यासमोर मोठ्याला असं उभं राहावं लागणार नाही.

तिनं तो केला. छातीला उभार देणारे टक नाहीत, कमरेला घेर नाही, पण पोत्यासारखाही नाही. खांद्याच्या हाडावर तोललेला, तिथून आपल्या मर्जीनं पडणारा. कापड असं कापलं की चिंधीसुद्धा उरू नये. बाहीतून उरलं ते कॉलरला, कॉलरमधून उरलं ते खिशाला. रात्रंदिवस तिला एकच ध्यास, की या शर्टात काही वाया जाता कामा नये, कापडही आणि माणूसही. एका स्पर्धेत तो पहिला आला. एका कंपनीनं तो काढायचं ठरवलं. मोठ्याच्या अंगावर पहिला नमुना होता, आरशासमोर उभं राहून ते कधी डावीवर उजवी, कधी उजवीवर डावी बटणं लावत होतं आणि हसत होतं. ते इतकं हसलेलं धाकटीनं पाहिलं नव्हतं. “म्हणजे हा दुसरेही घालतील?” मोठं म्हणालं. “रस्त्यात दिसतील?”

तेव्हापासून मोठं रस्त्यात बघत चाललं. कामावर जाताना, येताना, बसच्या खिडकीतून, सिग्नलला. घरी आल्यावर धाकटी विचारी, “दिसला का?” “आज नाही.” एकदा मोठं बाजारातून कुणाच्या तरी पाठीमागे पळत सुटलं. राखाडी निळा रंग, खांद्यावरून तसाच पडलेला. पुढं जाऊन वळून पाहिलं तर बँकेतला शिपाई, साधा शर्ट, खिशाला पेन. “त्यानं विचारलं, काय हवंय?” मोठं सांगत होतं, आई आणि धाकटी हसून लोळत होत्या. “त्याला काय सांगणार, की मी एकटं नाही असं वाटायला मला तुम्ही हवे होतात?” हसता हसता मध्येच कुणीतरी थांबलं, आणि मग सगळीच थांबली.

तर आता तिच्या मांडीवर ते सगळे होते. रस्त्यात न दिसलेले.

दुसऱ्या दिवशी ती कंपनीच्या माणसाला भेटायला गेली. दुकानाच्या वर त्याची खोली होती. माणूस सज्जन, चष्मा कपाळावर ढकलून बोलणारा. “तुमचा शर्ट चांगलाच होता हो,” तो म्हणाला, “मी स्वतः बाजू घेतली होती. पण आमच्या दुकानांना दोन मजले. खाली बायकांचं, वर पुरुषांचं. आधी खाली टांगला. बायका म्हणाल्या, पुरुषी आहे. मग वर टांगला. पुरुषांनी दोन्हीकडची बटणं पाहिली आणि हात मागे घेतला. शेवटी आमच्या पोरांनी डोकं लढवून जिन्यात टांगला, मधल्या वळणावर.” तो ओशाळून हसला. “आता जिन्यात कोण कपडे घेतं?”

“पण कापले का? नुसते दिले असते कुणाला.”

“फुकट दिले तर विकत कोण घेईल?” हे त्यानं इतक्या समजुतीनं सांगितलं की तिला वाटलं, आपणच काहीतरी लहान मुलासारखं विचारलं. खाली उतरताना ती जिन्याच्या वळणावर थांबली. भिंतीत दोन खिळे होते, रिकामे. वरून एक जोडपं उतरत आलं, तिच्यामुळे अडलं, “जरा बाजूला होता का?” म्हणालं. तिनं अंग चोरलं. मोठं आयुष्यभर हेच करत आलंय, तिला वाटलं.

कॉलेजातल्या मॅडमना तिनं गठ्ठा दाखवला तो रडू दाबत. मॅडम वाईट नव्हत्या. वर्गात कुणी रडलं तर आपला डबा पुढं करणाऱ्या. पण त्यांनी एक शर्ट उचलून उजेडात धरला आणि त्यांचा चेहराच उजळला. “अगं, हे तर सोनं आहे! तुझंच काम, तुझ्याच हाती, चिंध्या होऊन परत. लिंगभावही आला, शाश्वतताही आली. याहून मोठं विधान कुठलं करणार आहेस? हेच मांड.”

“मला मांडायचं नाहीये, मॅडम.”

“मग काय मांडणार? दिवस किती उरलेत?”

उरले नव्हतेच. आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. कागद पुढं घेतला की पेन्सिल आपोआप खांद्यापासून घेरापर्यंत तिरकी ओढली जायची. मग तिनं एक चिरलेला शर्ट मशीनखाली न घेता हातात घेतला आणि सुईनं शिवायला लागली. कापड न ओढता, चीर न लपवता. लपणार नव्हतीच. लाल दोऱ्यानं, मग पांढऱ्या, मग हाती येईल त्या. एकीकडे तिला वाटे, आपण हे शर्ट बरे करतोय. दुसरीकडे वाटे, मेलेल्याच्या तोंडाला पावडर लावतोय. जो शर्ट कुणी धड असताना घेतला नाही तो ठिगळ लावल्यावर कोण घेणार? आणि घेतलाच, तर ते आणखी वाईट नव्हे का? कपडा करणं म्हणजे मुळातच जगात आणखी एक वस्तू ढकलणं. न केलेला कपडाच काय तो निर्दोष. ही गोष्ट तिला वर्गात शिकवली होती तेव्हा ती टिपून घेण्यापुरती होती. आता ती गळ्याशी आली. कामं कॉलेजातच करी, गठ्ठा तिथंच ठेवी. संध्याकाळी घरी जाताना रोज ठरवी, आज मोठ्याला सांगायचं. मोठं दार उघडी. ती सांगायला तोंड उघडू पाहे. मोठं म्हणे, “आज बसस्टॉपवर एक जण होता, वाटलं तसाच. नव्हता.” “असं का,” ती म्हणे, आणि हातपाय धुवायला जाई.

प्रदर्शनाला येऊ नका, असं तिनं घरी सांगितलं होतं. गर्दी असते, बसायला जागा नसते, काही कळणारही नाही. “आमच्या धाकटीचं कौतुक व्हायचंय आणि आम्ही घरात बसून राहू?” आई म्हणाली. पण हे ती धाकटीच्या पाठीमागे म्हणाली, मोठ्याला, आणि दोघं निघाली. धाकटीनं त्यांना पाहिलं तेव्हा ती दोघं हॉलच्या दारात उभी होती. आईनं केस चापूनचोपून बांधले होते. मोठ्यानं तोच शर्ट घातला होता. इस्त्री केलेला. त्या अख्ख्या हॉलमध्ये तेवढा एक धड होता.

मोठं आत आलं. तारांवर शर्ट टांगलेले, ओळीनं, प्रत्येकाच्या छातीवर ती तिरकी शिवण. मोठं पहिल्यापाशी थांबलं, त्याची पट्टी बोटांनी चाचपली. दुसऱ्याची. तिसऱ्याची. मग चाचपायचं सोडून नुसतंच बघत उभं राहिलं. तेवढ्यात लोकांचं लक्ष गेलं. कॅमेरा घेतलेली एक विद्यार्थिनी पुढं आली, “जरा मध्ये उभं राहता का? हां, असंच, हात खाली सोडून.” मोठं उभं राहिलं. त्याला नाही म्हणता यायचं नाही. मॅडम लगबगीनं आल्या, मोठ्याच्या कॉलरला हात लावून म्हणाल्या, “हा मूळ नमुना? अगं, मला सांगितलं का नाहीस? हा मधोमध टांगायला हवा होता!” कंपनीचा माणूसही आला होता. चष्मा कपाळावर ढकलून त्यानं मोठ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, वाईट नजरेनं नव्हे, माल पाहतात तसं. “मॉडेल छान शोधलीत,” तो धाकटीला म्हणाला. मग त्याला स्वतःच्याच वाक्यानं पेचात टाकलं. “की... शोधलात?” आजूबाजूला थोडं हसू झालं. कुणी मुद्दाम हसलं नव्हतं, शब्द अडखळला म्हणून हसले. मोठंही हसलं.

“आपण हेच काढू या,” तो माणूस उत्साहानं पुढं म्हणाला. “हेच, चिरलेले आणि शिवलेले. आता याला गोष्ट आहे. आता हे खपतील.”

“पण त्यासाठी नवे शर्ट कापावे लागतील,” धाकटी म्हणाली.

“मग? कापू की.”

“नको.” तिचा आवाज तिला लांबून ऐकू आला. “मला नकोय.”

“बघा बुवा,” तो म्हणाला, न रागावता. “चिरणं काय, कुणालाही येतं.”

ती मोठ्याकडे वळली. मोठं तिथंच होतं, तारेखाली. त्यानं विचारलं, “किती परत आले?”

“सगळे.”

“सगळे म्हणजे सगळे?”

“हो.”

“कधी कळलं?”

“बरेच दिवस झाले. सांगणार होते मी, रोज सांगणार होते, पण तू दार उघडून...”

“शिवण छान आलीय,” मोठं म्हणालं. “तुझा हात बसलाय आता.” आणि आईला हाताला धरून बाहेर गेलं.

संध्याकाळी ती घरी आली. मोठं पडून होतं, भिंतीकडे तोंड करून. धाकटी दारात उभी राहिली, आत गेली नाही. आत जाऊन काय म्हणायचं? की मी परत करीन? कुणासाठी? ती आईपाशी जाऊन बसली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. “आई, मी तिथं ते टांगायलाच नको होते.”

“तू नसते टांगलेस म्हणून काय ते कुणी घेतले असते?” आई म्हणाली. घडी मोडून तिनं परत घातली. “आभाळच फाटलंय, बाळा. ठिगळ कुठं कुठं लावशील.”

सकाळी मोठं तिच्या पलंगापाशी उभं होतं. आंघोळ झालेली, केस ओले, मागं वळवलेले. “तुझा तो फुलाफुलांचा टॉप आहे ना,” ते म्हणालं, “आज देतेस?”

तिला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. “कुठला?”

“पिवळ्या फुलांचा. मला होईल ना?”

तिनं कपाटातून काढून दिला. नाही म्हणायला हवं होतं, हात धरायला हवा होता, हे तिला देतानाच कळत होतं, पण कुठल्या तोंडानं? त्याऐवजी घालायला दुसरं काय होतं तिच्याकडे? मोठ्यानं तो चढवला. खांद्यात आवळ होता, छातीवरच्या टकांत अंग बसत नव्हतं. मोठ्यानं ते ओढून ओढून बसवलं, आरशात न पाहता. बाहेरच्या खोलीत जाऊन चपला घातल्या, पाकीट खिशात ठेवायला गेलं, टॉपला खिसा नव्हता, मग ते हातातच धरलं. मोरीत आई भांडी विसळत होती.

“आई,” मोठं म्हणालं, “मी येते.”

अगदी सहज, जगातल्या सगळ्या मुली घरातून निघताना म्हणतात तसं. कुठं अडखळणं नाही, वळसा नाही. नळ वाहत होता. आईचा हात पाण्याखाली तसाच राहिला. मग दार लागलं, जिन्यावर चपला वाजत गेल्या, खाली रस्त्याच्या आवाजात मिसळल्या. धाकटी खोलीच्या मध्यभागी उभी होती. तिला वाटत होतं धावत जावं, गॅलरीतून ओरडून हाक मारावी, आणि घशात हाक आली तिथंच थांबली. कुठली मारायची तेच तिला ठरवता येईना.

आईनं नळ बंद केला. पदराला हात पुसत ती बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं होतं, किती वर्षांनी कोण जाणे. ती दाराकडे बघून, जपून, एखादी जुनी वस्तू अजून चालते का ते पाहावं तशी म्हणाली, “मोठी गेली का गं?”

धाकटीनं आईकडे पाहिलं.

“गेलं,” ती म्हणाली.